‘कनेक्टेड’ दिसतंय, पण उघडत काहीच नाही

“सर, व्हीपीएन कनेक्ट झालंय, पण काहीच ओपन होत नाहीये.”

कंपनीच्या आयटी हेल्पडेस्कवर बसलेल्या माणसाला हे वाक्य तोंडपाठ असतं. फोन करणारी व्यक्ती बहुधा घाईत असते. दहा मिनिटांवर मीटिंग आलेली असते. शिवाय मनात थोडी अपराधी भावनाही असते, की आपल्याला कॉम्प्युटरमधलं कळत नाही म्हणूनच हे झालं. त्या भरात तिने लॅपटॉप दोनदा रीस्टार्ट केलेला असतो, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलेलं असतं आणि पासवर्ड तीनदा चुकवून खातंही लॉक करून ठेवलेलं असतं.

खरं म्हणजे त्या एका वाक्यात निम्मं निदान आलेलं आहे. ‘कनेक्ट झालंय’ म्हणजे घरचं इंटरनेट सुरू आहे, ऑफिसचा दरवाजा सापडला आहे आणि दारावरच्या पहारेकऱ्याने ओळख मान्य केली आहे. या तिन्ही गोष्टींवर आता एक मिनिटही घालवायचं कारण नाही. बिघाड त्यांच्या पुढे आहे, आणि पासवर्ड शंभर वेळा टाकला तरी तो तिथून हलणार नाही.

व्हीपीएनचा प्रवास सहा टप्प्यांचा असतो: घरचं इंटरनेट, ऑफिसचा दरवाजा, ओळख, वाट, नाव आणि आकार. विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन यांत बटणांच्या जागा बदलतात, टप्पे आणि त्यांचा क्रम बदलत नाही. आपण शेवटचा कोणता टप्पा नीट पार केला हे शोधता आलं, तर हेल्पडेस्कच्या फोनवर ताटकळण्याची वेळ फार कमी वेळा येते.

बोगदा म्हणजे नेमकं काय

ऑफिसच्या आतली यंत्रं खासगी पत्त्यांवर राहतात. १९९६ साली इंटरनेटच्या नियमांनी पत्त्यांचे तीन पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवले: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते कोणत्याही घरात आणि कोणत्याही कंपनीत वापरता येतात, पण उघड्या इंटरनेटवर त्यांना वाट नाही. म्हणून घरच्या वाय-फायवरून ऑफिसमधल्या १०.२०.५.८ या सर्व्हरला कितीही हाका मारल्या तरी त्या पोचत नाहीत.

व्हीपीएन क्लायंट लॅपटॉपमध्ये एक आभासी नेटवर्क कार्ड तयार करतो. ऑपरेटिंग सिस्टिमला वाटतं, यंत्राला आणखी एक केबल जोडली गेली आणि तिचं दुसरं टोक ऑफिसात आहे. त्या कार्डात शिरलेलं डेटाचं प्रत्येक पाकीट क्लायंट कूटबद्ध करतो, दुसऱ्या पाकिटात घालतो, वर ऑफिसच्या गेटवेचा सार्वजनिक पत्ता लिहितो आणि नेहमीच्या इंटरनेटवरून रवाना करतो. गेटवे बाहेरचं पाकीट फोडून आतलं ऑफिसच्या जाळ्यात सोडतो. उत्तर त्याच रीतीने परत येतं. या बंदिस्त वाटेलाच बोगदा म्हणतात. ‘पाकिटात पाकीट’ एवढं चित्र लक्षात ठेवा; पुढचे बरेच बिघाड त्यावरूनच उलगडतील.

पाकीट बांधण्याच्या पद्धती अनेक आहेत. १९९० च्या दशकातली पीपीटीपी आता मोडीत निघाली आहे. २०१२ साली तिच्यातली पासवर्ड तपासण्याची पद्धत फोडता येते हे जाहीरपणे दाखवलं गेलं. अ‍ॅपलने २०१६ मध्ये ती काढून टाकली. अँड्रॉइडने बाराव्या आवृत्तीपासून पीपीटीपी आणि एल२टीपी या दोन्हींची नवी जोडणी करणं बंद केलं, आणि विंडोज सर्व्हरच्या पुढच्या आवृत्त्यांतून दोन्ही जाणार असल्याचं मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं. आज चालतात त्या पद्धती म्हणजे आयपीसेक आणि तिच्या जोडीची आयकेईव्ही२, जेम्स योनन यांनी २००१ मध्ये आणलेली ओपनव्हीपीएन आणि जेसन डोनेनफेल्ड यांची वायरगार्ड, जी मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत थेट गाभ्यात सामील झाली. मोठ्या कंपन्यांत सिस्को सिक्युअर क्लायंट, ग्लोबलप्रोटेक्ट, फोर्टिक्लायंट अशी तयार सॉफ्टवेअर असतात. नव्या फोनमध्ये पीपीटीपीचा पर्यायच सापडत नसेल तर फोनमध्ये काही बिघडलेलं नाही. ऑफिसने दिलेली सूचनापत्रिका जुनी झाली आहे.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवू. जाहिरातींत दिसणारी ‘दुसऱ्या देशातून इंटरनेट वापरा’ छापाची व्हीपीएन अ‍ॅप्स आणि ऑफिसचं व्हीपीएन यांत तंत्र एकच असलं तरी हेतू निराळे आहेत. सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं, तेव्हा ‘आता ऑफिसचं व्हीपीएनही बेकायदा का?’ अशी धास्ती अनेकांनी घेतली होती. कंपन्यांची अंतर्गत व्हीपीएन त्या नियमात येत नाहीत, असा खुलासा नंतर झाला.

बसवताना

सुरुवातीला ऑफिसकडून तीन गोष्टी घ्या: सॉफ्टवेअर कुठून उतरवायचं तो दुवा, गेटवेचं अचूक नाव आणि ओळख पटवण्याची पद्धत. सॉफ्टवेअर सर्च इंजिनमध्ये शोधून पहिल्या दुव्यावरून उतरवू नका. हुबेहूब दिसणारी बनावट पानं तिथे पैसे भरून वर आणलेली असू शकतात, आणि व्हीपीएन क्लायंटच्या नावाखाली आलेलं घातक सॉफ्टवेअर तुमचा ऑफिसचा पासवर्ड पहिल्याच दिवशी घेऊन जातं.

विंडोजवर आभासी कार्डाचा ड्रायव्हर बसवायला अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात. ऑफिसच्या लॅपटॉपवर ते तुमच्याकडे बहुधा नसतात, त्यामुळे हे काम आयटीकडूनच होतं. विंडोजचं स्वतःचं व्हीपीएन वापरायचं असेल तर ते सेटिंग्जमधल्या ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मध्ये सापडतं. तिथे प्रकार ‘ऑटोमॅटिक’ ठेवू नका. मग विंडोज एकामागून एक पद्धती चाचपत बसतं आणि शेवटी पडद्यावर येणारी चूक भलत्याच पद्धतीची असू शकते. ऑफिसने सांगितलेला प्रकार नेमका निवडा.

मॅकवर अडतं ते परवानगीपाशी. क्लायंट बसवल्यावर सिस्टिम विचारते की हे एक्स्टेन्शन चालू द्यायचं का. घाईत ती खिडकी बंद झाली, तर क्लायंट ‘कनेक्टिंग’वर नुसता फिरत राहतो. मग ती परवानगी सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त जाऊन द्यावी लागते, नव्या आवृत्त्यांत ‘जनरल’मधल्या ‘लॉगिन आयटम्स अँड एक्स्टेन्शन्स’मध्येही पाहा.

लिनक्सवर नेटवर्कमॅनेजरला प्रत्येक पद्धतीचा प्लगइन वेगळा लागतो. तो नसेल तर मेनूत तो पर्याय दिसतच नाही. कंपनीच्या क्लायंटची लिनक्स आवृत्ती मिळत नसेल तर डेव्हिड वुडहाउस यांनी सुरू केलेलं ओपनकनेक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर उपयोगी पडतं. ते सिस्कोच्या क्लायंटला पर्याय म्हणून जन्माला आलं आणि पुढे ग्लोबलप्रोटेक्ट आणि फोर्टिनेटच्या गेटवेशीही बोलायला शिकलं. मात्र आधी आयटीची परवानगी घ्या. वायरगार्ड सुरू करताना ‘रिझॉल्व्हकॉन्फ सापडत नाही’ अशी चूक आली, तर बोगद्यात काही दोष नाही. नावं सोडवणारं एक छोटं पॅकेज बसवायचं राहिलं आहे.

फोनवर एक नियम पक्का: एका वेळी एकच व्हीपीएन. अँड्रॉइडवर जाहिराती अडवणारी काही अ‍ॅप्स स्वतः व्हीपीएनचं रूप घेऊन बसलेली असतात. ती बंद केल्याशिवाय ऑफिसचं व्हीपीएन सुरू होत नाही. त्याहून चकवा देणारी गोष्ट म्हणजे वर्क प्रोफाइल. ऑफिसने फोनवर कामाचा वेगळा कप्पा केला असेल, तर त्या कप्प्यातलं व्हीपीएन फक्त त्या कप्प्यातल्या अ‍ॅप्सपुरतं असतं. किल्लीचं चिन्ह दिसतंय, पण वैयक्तिक क्रोममध्ये ऑफिसचं पान उघडत नाही, अशी तक्रार आली तर ब्रीफकेसचं चिन्ह असलेला क्रोम उघडायला सांगा. आयफोनवर व्हीपीएन जोडणीला परवानगी देताना फोनचा पासकोड विचारला जातो. तिथे नकार दिला असेल तर अ‍ॅप पुन्हा उघडून तो टप्पा पूर्ण करावा लागतो.

पहिला टप्पा: घरचं इंटरनेट

व्हीपीएन बंद करा आणि आज न उघडलेलं एखादं संकेतस्थळ उघडून पाहा. रोजचं पान ब्राउझरच्या आठवणीतूनही येऊ शकतं, म्हणून नवं. हॉटेल, विमानतळ किंवा लायब्ररीच्या वाय-फायवर आधी लॉगिनचं पान यावं लागतं. ते भरेपर्यंत बाहेरची वाट बंदच असते आणि व्हीपीएन क्लायंट बिचारा ‘सर्व्हर सापडत नाही’ म्हणत राहतो. गावाकडून काम करणाऱ्यांसाठी आणखी एक कारण: लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. लाइट दहा सेकंद जरी गेली तरी राउटर नव्याने सुरू होतो, त्याला बाहेरचा पत्ता नवा मिळू शकतो आणि जुना बोगदा कोसळतो. राउटरला छोटा यूपीएस जोडला की ‘व्हीपीएन सारखं तुटतं’ ही तक्रार कित्येक घरांत थांबते.

दुसरा टप्पा: दरवाजा

इंटरनेट आहे, पण क्लायंट ‘कनेक्टिंग’वरच अडतो. तर मग गेटवेपर्यंत पाकीट जातंय का ते पाहायचं. प्रत्येक पद्धतीचं दार वेगळ्या क्रमांकाचं असतं, त्याला पोर्ट म्हणतात. आयपीसेकला यूडीपी ५०० आणि ४५०० लागतात. ओपनव्हीपीएनचं ठरलेलं पोर्ट ११९४, वायरगार्डचं बहुधा ५१८२०. अनेक वाय-फायवर सुरक्षेच्या नावाखाली वेब सोडून बाकी पोर्ट बंद असतात. टीसीपी ४४३ हे बँकेच्या वेबसाइटचंही पोर्ट असल्यामुळे ते सहसा उघडं असतं, म्हणून काही क्लायंट अडचणीत त्याचा आधार घेतात. जोडणी होते खरी, पण संथ चालते.

इथली सगळ्यात मोलाची चाचणी फुकट आहे: वाय-फाय सोडा, मोबाइलचा हॉटस्पॉट लावा आणि पुन्हा जोडा. हॉटस्पॉटवर चाललं तर लॅपटॉप, क्लायंट आणि पासवर्ड तिघेही निर्दोष. दोष त्या वाय-फायमध्ये आहे. दोन्हीकडे चाललं नाही तर सहकाऱ्याला विचारा. त्याचंही बंद असेल तर गेटवेच आजारी आहे, आणि तुम्ही चहा घेऊन या. विंडोज या टप्प्यावर ८०९ हा क्रमांक दाखवतं: दारापर्यंत पोचलो नाही किंवा आतून उत्तर आलं नाही. ८६८ दिसला तर गेटवेचं नावच सापडलं नाही. आधी टाइप करताना अक्षर चुकलंय का ते बघा.

तिसरा टप्पा: ओळख

६९१ म्हणजे नाव किंवा पासवर्ड मान्य नाही. १३८०१ आला तर आयकेईव्ही२ मधलं सर्टिफिकेट पटलेलं नाही: त्याची मुदत संपली आहे, त्यावरचं नाव जुळत नाही किंवा ते भरवशाच्या यादीत नाही. अशा वेळी पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकण्यात अर्थ नाही. काही प्रयत्नांनंतर खातं लॉक होतं आणि एका अडचणीच्या दोन होतात.

घड्याळाकडे मात्र कुणी बघत नाही. फोनवरच्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधला सहा आकडी कोड वेळेवरून तयार होतो आणि साधारणपणे दर ३० सेकंदांनी बदलतो. फोनची वेळ दोन-तीन मिनिटं सरकली की प्रत्येक कोड चुकीचा ठरतो. लॅपटॉपच्या घड्याळाचा सापळा आणखी फसवा आहे. समजा, लॅपटॉपचा टाइम झोन जागतिक प्रमाणवेळेवर राहिला होता आणि पडद्यावर भारतीय वेळ दिसावी म्हणून कुणीतरी काटे हाताने पुढे केले. पडद्यावर सकाळचे दहाच दिसतात, पण यंत्राच्या हिशेबी ते साडेपाच तास पुढे गेलेलं असतं. विंडोजच्या जाळ्यात ओळख पटवणारी केर्बेरॉस ही यंत्रणा साधारण पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक खपवून घेत नाही. त्यामुळे व्हीपीएन जोडलं तरी सामायिक फोल्डर पुन्हा पुन्हा पासवर्ड मागत राहतो. टाइम झोन भारतीय करा आणि वेळ आपोआप घेण्याचा पर्याय सुरू ठेवा.

पासवर्डची मुदत घरी असताना संपली तर आणखी एक पेच पडतो. तुम्ही तो वेबवरून बदलता, पण लॅपटॉपला जुनाच आठवत असतो. व्हीपीएन जोडलेलं असताना स्क्रीन लॉक करा आणि नव्या पासवर्डने उघडा; दोघांचा मेळ बसतो.

दर वेळी कोड टाकायचा कंटाळा येतो, हे खरं. पण ७ मे २०२१ रोजी अमेरिकेतली सुमारे ८,८५० किलोमीटर लांबीची कलोनियल पाइपलाइन खंडणीखोरांमुळे बंद करावी लागली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागणाऱ्या इंधनापैकी जवळजवळ निम्मं तिच्यातून वाहतं. हल्लेखोर आत शिरले ते वापरात नसलेल्या एका जुन्या व्हीपीएन खात्यातून. त्या खात्याला फक्त पासवर्ड होता. दुसरी खातरजमा नव्हती. तुमच्या फोनवरचा तो सहा आकडी कोड अशीच दारं बंद ठेवतो.

चौथा टप्पा: वाट

आता आपण सुरुवातीच्या वाक्यापाशी आलो: कनेक्ट झालंय, पण उघडत नाही.

पुण्यात रिक्षावाल्याला नुसतं ‘वडगाव’ सांगून चालत नाही. वडगाव बुद्रुक, वडगाव शेरी की वडगाव मावळ, हे सांगावं लागतं. नाही सांगितलं तर तो त्याला जवळ असलेल्या वडगावला नेऊन सोडेल. खासगी पत्त्यांचं असंच होतं. घरचे बरेचसे राउटर १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० हा पट्टा घेऊन कारखान्यातून येतात. ऑफिसचा सर्व्हरही १९२.१६८.१.५० वर असेल, तर लॅपटॉपला वाटतं की हा शेजारच्याच खोलीत आहे. तो पाकीट बोगद्यात घालतच नाही. घरातच शोधत बसतो. हॉटस्पॉटवर सगळं उघडतं आणि घरच्या वाय-फायवर जोडूनही काही उघडत नाही, ही या बिघाडाची खूण. उपाय म्हणजे घरच्या राउटरचा पट्टा बदलून १९२.१६८.७३ असा काहीतरी आडवळणाचा करणं. पाच मिनिटांचं काम, आणि अडचण कायमची जाते. लिनक्सवर काम करणाऱ्या डेव्हलपरांनी डॉकरकडेही पाहावं. त्याचं घरगुती जाळं १७२.१७ वर असतं. आयफोनचा हॉटस्पॉट १७२.२०.१० वापरतो. ऑफिस त्याच पट्ट्यात असेल तर दोन्हीकडे टक्कर होते.

वाट पाहायची असेल तर विंडोजवर ‘रूट प्रिंट’, लिनक्सवर ‘आयपी रूट’ आणि मॅकवर ‘नेटस्टॅट’ या आज्ञा आहेत. ऑफिसच्या पट्ट्यासमोर आभासी कार्डाचं नाव दिसलं की वाट बरोबर.

काही ऑफिसं लॅपटॉपची सगळी वाहतूक बोगद्यातून नेतात, काही फक्त ऑफिसपुरती. पहिल्या प्रकारात घरचा प्रिंटर गायब होतो आणि व्हिडिओ कॉल अडखळतो, कारण तुमचा शब्द आधी ऑफिसात जाऊन मग बाहेर पडतो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीने हिंजवडीपासून जगभरची ऑफिसं एकाच आठवड्यात घरी गेली, तेव्हा गेटवे याच ओझ्याने वाकले. म्हणून मायक्रोसॉफ्टने टीम्स आणि ऑफिस ३६५ ची वाहतूक बोगद्याबाहेरून जाऊ द्या असा सल्ला दिला. यातलं काय निवडायचं ते कंपनीचं सुरक्षा धोरण ठरवतं. घरचा प्रिंटर चालेना म्हणून क्लायंट पुन्हा बसवून उपयोग नाही.

पाचवा टप्पा: नाव

सर्व्हर १०.२०.५.८ या पत्त्याने उघडतो, पण त्याच्या नावाने उघडत नाही. म्हणजे वाट नीट आहे. नावाचा पत्ता सांगणारा डीएनएस चुकीचा आहे. ऑफिसच्या आतली नावं बाहेरच्या जगाला माहीत नसतात. ती ऑफिसच्या डीएनएसलाच विचारावी लागतात. ब्राउझरमध्ये कुणी हाताने वेगळा ‘सिक्युअर डीएनएस’ लावून ठेवला असेल, तर ब्राउझर बाहेरच विचारतो आणि ‘असं नावच नाही’ असं उत्तर घेऊन येतो.

विंडोजवर जुनी उत्तरं पुसायला ‘आयपीकॉन्फिग’ला ‘फ्लशडीएनएस’ जोडून चालवतात. लिनक्सवर, उबंटूसारख्या वितरणांत, ‘रिझॉल्व्हसीटीएल’ ही आज्ञा कोणत्या कार्डामागे कोणता डीएनएस आहे ते दाखवते. मॅकवर एक खुबी ध्यानात ठेवा: ‘एनएसलुकअप’ आणि ‘डिग’ या आज्ञा सिस्टिमच्या नावं सोडवण्याच्या यंत्रणेला वळसा घालतात. त्यामुळे तिथे नाव सापडलं नाही तरी सफारीत पान उघडू शकतं, किंवा याच्या उलटही होतं. मॅकवर ‘पिंग’ने पाहणं जास्त भरवशाचं.

सहावा टप्पा: आकार

शेवटचा बिघाड सर्वांत गोंधळवणारा. लॉगिन होतं, छोटी पानं उघडतात, चॅटही चालतं. पण मोठी फाइल टाकायला गेलं की गाडी एका जागी थबकते.

रस्त्यावर उंची रोखणारी लोखंडी कमान असते. तिच्याखालून दुचाकी जाते, कार जाते; भरलेला ट्रक अडकतो. इंटरनेटच्या रस्त्यावर ही उंची सहसा १,५०० बाइट असते. वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड लागणाऱ्या पीपीपीओई प्रकारच्या ब्रॉडबँडवर ती १,४९२ होते. त्यात आपण पाकिटात पाकीट घालतो, म्हणजे बाहेरच्या आवरणाची जाडी वाढते. म्हणून वायरगार्ड आतल्या पाकिटाची मर्यादा मुळातच १,४२० धरतो. कुठे ही मर्यादा जास्त ठेवली गेली आणि वाटेतल्या यंत्राने ‘पाकीट मोठं आहे’ हा निरोप परत पाठवला नाही, तर मोठी पाकिटं मुकाट हरवतात.

तपासायला तुकडे न करण्याची अट घालून वेगवेगळ्या आकाराचं ‘पिंग’ पाठवतात. पिंगची स्वतःची वेष्टनं २८ बाइटची असतात, म्हणून १,४७२ म्हणजे पूर्ण १,५००. बोगद्यातून १,३०० जातं आणि १,४०० जात नाही, असं दिसलं की आकडा हेल्पडेस्कला कळवा. मर्यादा खाली आणणं त्यांच्या हातात असतं. तोवर हॉटस्पॉटवरून ती एक फाइल पाठवून पाहा.

घड्याळ लावून तुटतं की अवचित

जोडणी तुटत असेल तर वेळा लिहून ठेवा. दर आठ किंवा बारा तासांनी नेमकी तुटत असेल तर ते ऑफिसचं धोरण आहे. पुन्हा लॉगिन करा. दोन मिनिटं काही न करता बसलं की तुटत असेल, तर घरचा राउटर शांत जोडणी विसरतोय. वायरगार्डमध्ये यासाठी दर २५ सेकंदांनी हलकी ठोक देण्याची सोय आहे. फोन खिशात टाकल्यावर तुटत असेल, तर अँड्रॉइडची बॅटरी वाचवणारी यंत्रणा अ‍ॅपला झोपवतेय. त्या अ‍ॅपला सूट द्या. वाय-फायवरून मोबाइल डेटावर जाताना आयकेईव्ही२ आणि वायरगार्ड तग धरतात, कारण बदललेल्या पत्त्यावरून बोलणं चालू ठेवण्याची सोय त्यांच्यात आहे.

दोष आपला नसतो तेव्हा

११ जानेवारी २०२२ रोजी आलेल्या विंडोजच्या अपडेटनंतर जगभर एल२टीपी व्हीपीएन जोडेनासं झालं. मायक्रोसॉफ्टने १७ तारखेला दुरुस्ती दिली. मधले सहा दिवस किती जणांनी स्वतःलाच बोल लावत पासवर्ड बदलले असतील! सप्टेंबर २०२४ मध्ये मॅकओएस सेक्वोया आल्यावर अनेक सुरक्षा आणि व्हीपीएन सॉफ्टवेअर अडखळली आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला १५.०.१ ही आवृत्ती आली. म्हणून ‘काल काय बदललं?’ हा प्रश्न नेहमी विचारा. अपडेट झालं का? राउटर बदलला का? जाहिराती अडवणारं नवं अ‍ॅप टाकलं का? आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर मोठं अपडेट आयटीने सांगितल्याशिवाय स्वतःहून चढवू नका.

अडचणीत असताना काही मोह टाळायचे. अँटीव्हायरस किंवा फायरवॉल कायमचा बंद करून ठेवायचा नाही. फाइल वैयक्तिक मेलवर पाठवून काम उरकायचं नाही. ‘हेल्पडेस्कवरून बोलतोय, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर तो ठेवून द्यायचा. खऱ्या हेल्पडेस्कला तुमच्या ओटीपीची गरज कधीच पडत नाही.

लाज वाटून घेण्यासारखं यात काहीच नाही. दोन खासगी जाळी आणि मध्ये उघडं इंटरनेट एवढ्या गुंतागुंतीच्या रचनेत कुठेतरी काहीतरी अडणारच. अडलं की मागच्या टप्प्यापर्यंत चालत जायचं आणि तिथे उभं राहून नीट सांगायचं. सुरुवातीचंच वाक्य मग असं होतं:

“नमस्कार, विंडोज ११ आहे, परवापर्यंत चालत होतं. व्हीपीएन कनेक्ट होतं. आतला सर्व्हर पत्त्याने उघडतो, नावाने उघडत नाही. हॉटस्पॉटवरही तेच होतंय.”

पलीकडचा माणूस हे ऐकून लगेच डीएनएसची सेटिंग उघडतो, आणि तुमच्या मीटिंगला अजून आठ मिनिटं उरलेली असतात.